आयत्या वेळी बोलावलेलं मॉड्यूल

या महिन्यातली चार पत्रं एकाच वळणाची निघाली. कोणतं मॉड्यूल, म्हणजे वेगळ्या फाइलमध्ये ठेवलेला प्रोग्रॅमचा कोणता तुकडा, लागणार हे प्रोग्रॅम लिहिताना ठाऊक नसतं, तो चालू असताना ठरतं. मग ते बोलवायचं, म्हणजे इंपोर्ट करायचं, कसं? चौघंही पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत काम करणारी आहेत, म्हणून या अंकात फक्त पायथन. आज्ञा छापताना देवनागरीत दिल्या आहेत, संगणकावर त्या नेहमीसारख्या रोमन अक्षरांत लिहायच्या. शेवटच्या पत्राचं मात्र तसं नाही, ते का हे तिथे येईलच.

प्रश्न : ताई, नमस्कार. मी दूध संकलन केंद्रांसाठी सॉफ्टवेअर करतो. एकटाच लिहितो, एकटाच सांभाळतो. सुरुवातीला दोन संस्था होत्या, आता बारा झाल्या. प्रत्येकीचा दर काढायचा नियम वेगळा, त्यामुळे इफ-एलिफची रांग दोनशे ओळींच्या पुढे गेली आहे. प्रत्येक संस्थेचं वेगळं मॉड्यूल करायचं आणि सेटिंगमध्ये जे नाव असेल तेवढंच इंपोर्ट करायचं, असं ठरवलं. पण इंपोर्टपुढे व्हेरिएबल लिहिलं की पायथन त्या व्हेरिएबलच्या नावाचंच मॉड्यूल शोधायला जातो. मित्र म्हणाला, एक्झेक वापर. वापरलं, चाललं, पण मन धजत नाही.
— एक वाचक, फलटण

उत्तर : मन धजत नाही तेच बरोबर आहे, त्याचंच ऐका. एक्झेक म्हणजे दिलेला मजकूर प्रोग्रॅम म्हणून चालवणारं फंक्शन. त्याला तुम्ही नाव देत नाही, आख्खं वाक्य देता. सेटिंगच्या फाइलमध्ये त्या नावापुढे कुणी अर्धविराम टाकून आणखी काही लिहिलं, तर तेही निमूटपणे चालेल. तुम्हाला हवं आहे ते इंपोर्टलिबमधलं इंपोर्ट_मॉड्यूल. त्याला मजकूर म्हणून नाव द्यायचं, इंपोर्ट_मॉड्यूल("रेट्स.टू_ॲक्सिस") असं, आणि जे मॉड्यूल परत येईल ते एका व्हेरिएबलमध्ये धरायचं. पायथन 2.7 पासून ही सोय आहे. जुन्या पुस्तकांत याच कामाला पुढे-मागे दोन-दोन अंडरस्कोर असलेलं इंपोर्ट हे फंक्शन वापरलेलं दिसेल. ते टाळा, कारण ठिपका असलेलं नाव दिलं तर ते आतलं मॉड्यूल न देता सगळ्यात बाहेरचं पॅकेज हातात ठेवतं. "रेट्स.टू_ॲक्सिस" मागितलं तर "रेट्स" मिळतं आणि माणूस तासभर डोकं धरून बसतो.

एवढं सांगून उत्तर संपवता आलं असतं. पण तुम्ही दुधाचं लिहिलंत, आणि त्या कामात मी स्वतः अठरा वर्षं आहे. माझे वडील दोन म्हशींचं दूध कराडजवळच्या केंद्रावर घालायचे. पावतीवरचा फॅटचा आकडा ते कंदिलाच्या उजेडात दोनदा वाचायचे, हे मी पाहिलेलं आहे. म्हणून थोडं पुढचंही सांगते.

आधी हे तपासा, की बारा संस्थांचे खरंच बारा नियम आहेत का? माझा अनुभव असा, की पद्धती तीन किंवा चारच असतात. गाईच्या दुधाला 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफला (फॅट सोडून दुधातला घन भाग) मूळ दर धरायचा आणि त्याच्या वरखाली प्रत्येक पॉइंटला ठरावीक पैसे वाढवायचे किंवा कापायचे, ही एक. फॅटचा किलोला एक दर आणि एसएनएफचा किलोला दुसरा, अशी दोन अंगांनी किंमत काढायची, ही दुसरी. म्हशीच्या दुधाला नुसत्या फॅटवर हिशेब करायचा, ही तिसरी. आणि काही संस्था छापील दर तक्ताच देतात, त्यात बघून दर उचलायचा. संस्था बदलली की बहुतेक वेळा बदलतात ते आकडे, पद्धत तीच राहते. आकडे ही माहिती आहे. ती टेबलमध्ये ठेवा, जेसन फाइलमध्ये ठेवा, सचिवांना स्वतः बदलता येईल अशा जागी ठेवा. मॉड्यूल करायचं ते फक्त पद्धतीचं. बारा मॉड्यूल्स केलीत तर पुढच्या दरवाढीला बारा फाइली उघडाव्या लागतील, आणि त्यातली एक राहून जाईल.

पद्धती चारच निघाल्या आणि त्यांत भर पडायची शक्यता नसेल, तर नावावरून इंपोर्ट करायचीही गरज नाही. चारही मॉड्यूल्स फाइलच्या माथ्यावर नेहमीसारखी इंपोर्ट करा, एक डिक्शनरी करा, डावीकडे नाव, उजवीकडे फंक्शन. इफ-एलिफची रांग गेली, आणि संपादकात शोधलं तर काय कुठून येतं तेही दिसतं. नावावरून मॉड्यूल उचलायचं ते कधी, तर तुमच्या मूळ प्रोग्रॅमला हात न लावता दुसऱ्या कुणाला नवी पद्धत जोडता आली पाहिजे तेव्हा. वेबसाइटी बनवायची पायथनची चौकट जँगो हेच करतं. सेटिंगमध्ये इन्स्टॉल्ड ॲप्सची यादी असते ती नुसत्या मजकुरांची, आणि सुरू होताना जँगो त्यातलं एकेक नाव घेऊन ते ॲप इंपोर्ट करतं. म्हणून तर जँगोच्या गाभ्याला हात न लावता जगभरच्या लोकांनी लिहिलेली ॲप्स त्याला जोडता येतात. तुमच्याकडे तशी गरज असेल तर पुढचं वाचा.

नाव मजकुरातून आलं की दोन प्रश्नांची उत्तरं तुम्हालाच द्यावी लागतात. हे नाव कुठून आलं? आणि ते सापडलं नाही तर काय करायचं?

पहिल्याचं सोपं आहे. मॉड्यूल इंपोर्ट होतं म्हणजे त्यातल्या सगळ्या मोकळ्या ओळी तिथल्या तिथे चालतात. फंक्शन बोलावण्याची वाट कुणी पाहत नाही. त्यामुळे सेटिंगमधून आलेलं नाव जसंच्या तसं इंपोर्ट_मॉड्यूलला देऊ नका. पीकेजीयूटिलमधल्या आयटर_मॉड्यूल्सला तुमच्या रेट्स फोल्डरचा रस्ता यादीत घालून द्या, ते तिथे असलेल्या मॉड्यूल्सची नावं देईल. सेटिंगमधलं नाव त्यांत असेल तरच पुढे जा. मग कुणी भलतंच नाव लिहिलं तरी फोल्डरबाहेरचं काही उचललं जाणार नाही.

दुसऱ्या प्रश्नावर मी एकदा चुकले आहे, आणि त्याची किंमत माझ्या खिशातून गेली नाही, हे मला आजही लागतं. मी असं लिहिलं होतं : मॉड्यूल इंपोर्ट करून बघ, इंपोर्टएरर आली तर सर्वसाधारण दराचं मॉड्यूल वापर. वाटलं होतं, संकलन थांबायला नको. सकाळी सहाला केंद्रावर कॅनची रांग असते, तिथे पडदा लाल होऊन चालत नाही. एका संस्थेचं मॉड्यूल दर तक्ता एक्सेलमधून वाचायचं, त्यासाठी ते ओपनपायएक्सेल इंपोर्ट करायचं. केंद्रावरचा संगणक बदलला, नव्यावर ती लायब्ररी टाकायची राहिली. मॉड्यूल जागेवरच होतं, पण त्याच्या आतला इंपोर्ट फसला, तीच एरर वर आली, आणि मी लिहिलेल्या ओळीने ती गिळून सर्वसाधारण दर लावला. दहा दिवस. बिलं वाटून झाल्यावर एक मावशी दोन पावत्या घेऊन सचिवांसमोर उभ्या राहिल्या. दोन्हींवर फॅट 6.8, आणि नव्या पावतीवर दर कमी. त्यांनी विचारलं नसतं तर पुढचं बिलही तसंच निघालं असतं. आम्ही सगळ्या सभासदांचा फरक काढून पुढच्या बिलात दिला, पण मधले दिवस त्यांनी पेंड उधारीवर आणली होती.

तेव्हापासून मी तीन गोष्टी सोडत नाही. मॉड्यूल सापडलं नाही तर पायथन 3.6 पासून मॉड्यूलनॉटफाउंडएरर येते, आणि तिच्यावर नेम नावाची खूण असते. न सापडलेल्या मॉड्यूलचं नाव तिथे लिहिलेलं असतं. ते मी मागितलेल्या नावाशी ताडून बघते. "रेट्स.टू_ॲक्सिस" मागितलं आणि न सापडलेलं "ओपनपायएक्सेल" निघालं, तर मॉड्यूल आहे पण त्याच्या आत काहीतरी मोडलं आहे. दोन्हींचे संदेश वेगळे दाखवायचे, आणि दोन्ही वेळा थांबायचं. दराच्या बाबतीत पर्यायी मॉड्यूल ठेवायचंच नाही.

दुसरी गोष्ट, इंपोर्ट संकलनाच्या वेळी करायचा नाही. सेटिंगमधली सगळी नावं प्रोग्रॅम सुरू होतानाच एकदा बोलावून घ्या. काही मोडलं असेल तर ते पहिला कॅन काट्यावर चढण्याआधी कळलं पाहिजे. वेळेची चिंता करू नका. एकदा आलेलं मॉड्यूल सिस.मॉड्यूल्स या डिक्शनरीत राहतं, पुढच्या वेळी पायथन आधी तिथेच बघतो आणि तेच परत देतो.

तिसरी गोष्ट, मॉड्यूल आलं म्हणजे ते योग्य आहे असं नाही. गेटॲट्रने त्यातलं दर काढणारं फंक्शन घ्या, ते आहे का आणि बोलावता येतं का ते कॉलेबलने बघा, आणि मग त्याला एक माहितीतलं दूध द्या. मी गाईसाठी 3.5 आणि 8.5 देते, म्हशीसाठी 6.0 आणि 9.0, आणि आलेला आकडा संस्थेच्या छापील दराशी जुळतो का ते बघते. जुळला नाही तर प्रोग्रॅम पुढे सरकत नाही. केंद्रचालक सुरुवातीला कुरकुर करतात, फोन करतात. करू देत.

प्रश्न : इंपोर्ट_मॉड्यूल वापरून केलेला प्रोग्रॅम माझ्या संगणकावर नीट चालतो. पायइन्स्टॉलरने एक्झी (थेट चालवता येणारी फाइल) केली की ग्राहकाकडे "मॉड्यूल सापडत नाही" म्हणतो. फाइल तर प्रोजेक्टमध्ये आहे.
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : पायइन्स्टॉलर तुमचा प्रोग्रॅम चालवून बघत नाही, त्यातली इंपोर्टची वाक्यं वाचतो आणि त्यांवरून काय काय बांधायचं ते ठरवतो. इंपोर्ट_मॉड्यूलला दिलेलं नाव व्हेरिएबलमध्ये आहे, ते त्याला वाचून कळणार कसं? त्यामुळे ते मॉड्यूल एक्झीत गेलेलंच नाही. स्पेक फाइलमध्ये, म्हणजे पायइन्स्टॉलरच्या बांधणीच्या सूचनांच्या फाइलमध्ये, हिडनइंपोर्ट्स नावाची यादी असते, तिच्यात त्या मॉड्यूल्सची पूर्ण नावं घाला. फोल्डरभर मॉड्यूल्स असतील तर पायइन्स्टॉलरचंच कलेक्ट_सबमॉड्यूल्स वापरा, म्हणजे नवी फाइल आली की यादी बदलावी लागणार नाही. आणि ग्राहकाला देण्याआधी एक्झी अशा संगणकावर चालवून बघा, ज्यावर पायथन कधीच टाकलेला नाही.

प्रश्न : ताई, मी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पायथनची खिडकी उघडी ठेवून मी फाइलमध्ये बदल करते आणि परत इंपोर्ट करते, पण जुनंच फंक्शन चालतं. पायकॅश फोल्डर डिलीट केला, तरी तेच. पुस्तकात आयएमपी मॉड्यूलमधलं रीलोड दिलं आहे, तर ते मॉड्यूलच नाही म्हणतो. इंपोर्टलिबचं रीलोड केलं, तरी जुनंच! दर वेळी खिडकी बंद करून उघडायची का?
— एक विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : पायकॅशमध्ये पायथन मॉड्यूलची आधीच तयार केलेली प्रत ठेवतो, पण त्याचा यात काही दोष नाही गं. त्यातल्या फाइलवर मूळ फाइलची वेळ आणि आकार नोंदलेला असतो. मूळ फाइल बदलली की पायथन ती जुनी बाजूला सारून नवी बनवतो. तुझं अडतंय ते दुसरीकडे. वर फलटणच्या उत्तरात सिस.मॉड्यूल्स आलं आहे. परत इंपोर्ट केलंस की पायथन तिथे बघतो, मॉड्यूल आधीच आहे म्हणतो आणि फाइलकडे जातच नाही. पुस्तकातलं आयएमपी मॉड्यूल 3.4 मध्येच जुनं ठरवलं होतं, 3.12 मध्ये काढून टाकलं. पुस्तक चुकीचं नाही, त्याच्या काळापुरतं बरोबर होतं.

इंपोर्टलिबचं रीलोड करूनही जुनंच का चाललं, हा तुझ्या पत्रातला सगळ्यात चांगला प्रश्न आहे. तू नक्की "फ्रॉम आकृती इंपोर्ट क्षेत्रफळ" असं लिहिलं असणार. त्या वाक्याने तुझ्या खिडकीत क्षेत्रफळ नावाची एक पाटी तयार झाली, आणि ती त्या वेळच्या फंक्शनवर लावली गेली. रीलोडने मॉड्यूलमधल्या ओळी पुन्हा चालतात, मॉड्यूलच्या आत नवं फंक्शन तयार होतं, मॉड्यूलमधली पाटी नव्यावर जाते. तुझ्या खिडकीतल्या पाटीला कुणी हात लावत नाही, ती जुन्यावरच राहते. करून बघ : नुसतं "इंपोर्ट आकृती" लिही, रीलोड कर, आणि फंक्शन आकृती.क्षेत्रफळ असं बोलाव. नवं चालेल.

आणखी एक खाचखळगा आहे, तो क्लासचा. रीलोडआधी वर्तुळ क्लासची वस्तू केलीस, तर ती जुन्या क्लासचीच राहते. रीलोडनंतर तिला विचारलंस, तू वर्तुळ आहेस का, तर इझइन्स्टन्स "नाही" म्हणतं. दोन्ही क्लासांचं नाव वर्तुळच, पण वस्तू वेगळ्या. फाइलमधून काढून टाकलेलं फंक्शनही रीलोडनंतर मॉड्यूलमध्ये तसंच राहतं, कारण रीलोड पुसत नाही, वरून लिहितं. म्हणून शिकताना खिडकी बंद करून उघडणं यात कमीपणा नाही. मी आजही तेच करते. ज्युपिटरमध्ये काम करत असशील तर ऑटोरीलोड नावाची जोड आहे, ती बरंचसं ओझं उचलते.

प्रश्न : मी शेतकरी उत्पादक कंपन्यांसाठी अहवाल काढतो. विभागवार मॉड्यूल्स केली आहेत आणि त्यांची नावं मुद्दाम मराठीत ठेवली : कोकण, खानदेश, मराठवाडा, वऱ्हाड. बाकी सगळी चालतात, वऱ्हाड फसतं. इंपोर्ट वाक्याने एका संगणकावर येतं. एक्सेलमधून नाव घेऊन इंपोर्ट_मॉड्यूलला दिलं की सापडत नाही. दोन्ही नावं पडद्यावर हुबेहूब सारखी. सहकारी म्हणतात, मराठी नावं ठेवली की असंच होणार.
— एक वाचक, अकोला

उत्तर : मराठी नावं ठेवलीत याचा मला फार आनंद झाला, आणि सहकाऱ्यांचं म्हणणं मला मान्य नाही. पायथन 3 मध्ये देवनागरी नावं पूर्णपणे वैध आहेत. काना, मात्रा, हलन्त, सगळं चालतं. तुमची अडचण एका अक्षराची आहे, आणि ते अक्षर आपल्या मराठीचं खास आहे : वऱ्हाडातला अर्धा र.

हा र संगणकात तीन प्रकारे लिहिलेला सापडतो. पहिला, ऱ हे एकच स्वतंत्र अक्षर, युनिकोडमधला क्रमांक 0931, आणि त्याला हलन्त. दुसरा, साधा र, त्याखाली नुक्ता (ठिपका), मग हलन्त. तिसरा, साधा र, हलन्त, आणि त्यापुढे झिरो विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं चिन्ह. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट दाबून रची कळ दाबली की थेट ऱ येतो, तिथून पहिला प्रकार येतो. जुन्या फाँटमधून बदलून घेतलेल्या मजकुरात मला बहुतेकदा तिसरा भेटला आहे. पडद्यावर तिन्हींचं रूप एकच, वऱ्हाड. मजकूर म्हणून मात्र पायथनला ही तीन वेगळी नावं आहेत.

इंपोर्ट वाक्यात नाव लिहिलं की पायथन ते आधी युनिकोडच्या एनएफकेसी नियमाने एका साच्यात आणतो. त्यात पहिला आणि दुसरा प्रकार एक होतात. तिसरा वाक्यात लिहिलाच तर ते न दिसणारं चिन्ह नावात चालत नाही म्हणून सिंटॅक्सएरर येते. इंपोर्ट_मॉड्यूलला दिलेल्या मजकुरावर यातलं काहीच होत नाही. तो मजकूर जसा आला तसा फाइलच्या नावाशी ताडला जातो. तुमची फाइल एका कळफलकावरून नाव दिलेली, एक्सेलमधलं नाव दुसरीकडून आलेलं. जुळणार कसं?

आधी खात्री करून घ्या. एक्सेलमधलं नाव लेन फंक्शनला द्या. पहिल्या प्रकारचं वऱ्हाड 6 मोजलं जातं, दुसऱ्या आणि तिसऱ्याचं 7. सात आलं तर तेच नाव ॲस्की फंक्शनला द्या, ते प्रत्येक अक्षराचा क्रमांक उघडा करून दाखवतं, त्यात न दिसणारं चिन्ह लपत नाही. एक्सेलमधल्या नावाच्या शेवटी राहिलेली मोकळी जागाही इथेच सापडेल.

दुरुस्तीला युनिकोडडेटा मॉड्यूलमधलं नॉर्मलाइझ वापरा, त्याने दुसरा प्रकार पहिल्यासारखा होतो. तिसरा त्याने बदलत नाही. त्यासाठी र, हलन्त आणि जॉइनर ही तिकडी शोधून तिच्या जागी ऱ आणि हलन्त घालणारी एक ओळ तुम्हालाच लिहावी लागेल. ती नॉर्मलाइझच्या शेजारी, एकाच फंक्शनमध्ये ठेवा आणि एक्सेलमधून येणारं प्रत्येक नाव त्यातून काढा. फाइलचं नावही एकदा तपासून पहिल्या प्रकारात आणा. सह्याद्रीच्या पट्ट्यातली गावं आली की "ऱ्या" आणि "ऱ्हा" असलेली आणखी नावं येतीलच, तेव्हा हे फंक्शन पुन्हा उपयोगी पडेल.

माझं स्वतःचं काम मी थोडं वेगळं करते. फंक्शनची, व्हेरिएबलची नावं मराठीत ठेवते, कारण ती मी स्वतः टंकते आणि पायथन ती साच्यात आणतो. पण जे नाव दुसऱ्याच्या एक्सेलमधून येऊन थेट फाइलला जाऊन भिडणार, तिथे मी क्रमांक वापरते. जिल्ह्यांसाठी सरकारच्या लोकल गव्हर्न्मेंट डिरेक्टरीतले क्रमांक तयार आहेत. तुमच्यासारख्या विभागांना आपलेच क्रमांक देता येतील. विभागाचं मराठी नाव मॉड्यूलच्या आत एका व्हेरिएबलमध्ये ठेवायचं आणि अहवालावर तेच छापायचं.

तरीही अडलं तर त्या रकान्यातल्या दोन-तीन नावांवर ॲस्कीने दिलेलं उत्तर कागदावर उतरवून पाठवा. नावांचं चित्र पाठवू नका, चित्रात तिन्ही प्रकार सारखेच दिसतात.